उपपदांचे शिक्षण मराठीतून हवे

इंग्रजीचे अध्ययन करणाऱ्या मराठी मनुष्याला क्रियापदांचे काळ यथावकाश साधतात, वाचनाने त्याचा शब्दसंग्रह वाढतो, कानाला सवय झाली की उच्चारही पुष्कळसे सुधारतात. परंतु ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही तीन इवलीशी उपपदे मात्र, आयुष्यभर इंग्रजीत कामकाज केलेल्या अधिकाऱ्याच्या, प्राध्यापकाच्या किंवा अभियंत्याच्या लेखणीलाही ऐन वेळी दगा देतात, आणि हा अनुभव इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याच्यावर उपाय शोधण्याऐवजी आपण तो नशिबाचा भाग म्हणून पत्करला आहे. आपल्या भाषेत उपपद नाही, तेव्हा ते आपल्याला यावे तरी कसे, असे समाधान शिक्षकही करून घेतात आणि विद्यार्थीही. हे समाधान अर्ध्या सत्यावर उभे आहे. उपपद हा शब्दप्रकार मराठीत नाही, हे खरे. परंतु ज्या भेदासाठी इंग्रजीला उपपदांची गरज भासते तो भेद मराठी बोलणारे मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच अचूक पाळत असते, आणि त्याच्या या उपजत ज्ञानाचा शिक्षणात कोठेही उपयोग करून घेतला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

सन २००० पासून राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, म्हणजे विद्यार्थी शालान्त परीक्षेला बसतो तेव्हा त्याच्या पाठीशी या भाषेचे दहा वर्षांचे अध्ययन असते. या दहा वर्षांत उपपदांविषयी त्याच्या पदरात काय पडते हे पाहू गेल्यास, नियमांची एक यादी आणि गाळलेल्या जागा भरण्याचा एक प्रश्न, यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. स्वरोच्चाराने आरंभ होणाऱ्या शब्दापूर्वी ‘ॲन’ योजावे व व्यंजनोच्चाराने आरंभ होणाऱ्या शब्दापूर्वी ‘ए’. नद्या, सागर आणि पर्वतरांगा यांच्या नावांपूर्वी ‘द’ लावावे, परंतु एकट्या शिखराच्या नावापूर्वी लावू नये. सूर्य आणि चंद्र एकमेव आहेत, सबब त्यांना ‘द’ अवश्य लावावे, अशी ती यादी असते. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखात्याची नोकरी केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक एच. मार्टिन यांच्या व्याकरणावर ज्या पिढ्या पोसल्या गेल्या त्यांना ती मुखोद्गत होती, आणि ती खोटी आहे असे मुळीच नव्हे. ‘युनियन’ या शब्दाचे पहिले अक्षर स्वर असले तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो म्हणून त्यापूर्वी ‘ए’ येते, आणि ‘एम. एल. ए.’ यातील पहिले अक्षर व्यंजन असले तरी ते ‘एम’ असे उच्चारले जाते म्हणून त्यापूर्वी ‘ॲन’ येते, हे एकदा कळले की ते कायमचे कळते. गोदावरीपूर्वी ‘द’ लागते आणि कळसूबाईपूर्वी लागत नाही, हेही पाठ करून टाकावे. परंतु रोजच्या लेखनातील चुका नद्यांच्या आणि शिखरांच्या नावांपूर्वी होत नाहीत. त्या पुस्तक, अर्ज, बैठक, अहवाल, कुत्रा अशा साध्या सामान्यनामांपूर्वी होतात, आणि तेथे ही यादी मूक राहते.

गाळलेल्या जागांच्या प्रश्नाने तर विद्यार्थ्यावर उघड अन्याय होतो. ‘डॉग इज ॲट द डोअर’ असे एक सुटे वाक्य छापून ‘डॉग’च्या आधीची जागा रिकामी ठेवली, तर तेथे ‘ए’ही शुद्ध आहे आणि ‘द’ही शुद्ध आहे, कारण दारात आलेले कुत्रे गल्लीतले कोणते तरी आहे की घरात पाळलेले आहे, हे त्या वाक्यात कोठेही सांगितलेले नाही. तरीही नमुना उत्तरात एकच उपपद छापलेले असते, त्याच्याशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला गुण मिळतो, ज्याचे जुळणार नाही त्याच्या उत्तरावर तांबडी फुली पडते, आणि ती फुली का पडली याचा खुलासा शिक्षकालाही करता येत नाही, कारण तो करण्यासारखा नसतोच. अशा फुल्या वर्षानुवर्षे पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या मनात, उपपदे ही तर्काने ठरवण्याची वस्तू नसून अदमासाने टाकण्याची आहे, अशी भावना रुजली तर तो दोष त्याचा नव्हे.

वास्तविक उपपदामागील तर्क अत्यंत स्वच्छ आहे. व्याकरणात त्याची नोंद नामाच्या खात्यावर होत असली, तरी त्याचा खरा संबंध श्रोत्याच्या ज्ञानाशी असतो. वक्ता ‘द’ म्हणतो तेव्हा, मी कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहे हे तुला मागील बोलण्यावरून, समोरच्या परिस्थितीवरून किंवा सामान्य व्यवहारज्ञानावरून ओळखता येईल, अशी हमी तो श्रोत्याला देतो. आणि ‘ए’ म्हणतो तेव्हा, या जातीतील एक वस्तू आहे एवढेच ध्यानात घे, कोणती ते ओळखण्याची तूर्त तुला गरज नाही, अशी सूचना देतो. इंग्रजीलाही ही सोय प्रारंभापासून उपलब्ध नव्हती. प्राचीन इंग्रजीत लिंग, वचन आणि विभक्ती यांप्रमाणे बदलणारे एक दर्शक सर्वनाम होते, त्याची रूपे झिजत झिजत आजचे ‘द’ उरले; आणि ‘एक’ या संख्यावाचक शब्दाचा आघात क्षीण होऊन ‘ॲन’ व पुढे ‘ए’ झाले. लॅटिन भाषेत उपपद नव्हते, परंतु तिच्यातील ‘तो’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंच आणि स्पॅनिश या तिच्या कन्यांनी आपापली उपपदे घडवली. संस्कृतमध्ये ते नाही, रशियनमध्ये नाही, चिनी आणि जपानी भाषांतही नाही. असे असता पाणिनीच्या, सिसेरोच्या किंवा टॉलस्टॉयच्या भाषेला ज्ञात आणि अज्ञात यांतील भेद व्यक्त करता येत नव्हता, असे कोण म्हणू धजेल? भेद सर्वत्र आहे. तो दाखवण्याची साधने मात्र भाषेगणिक निराळी आहेत.

मराठीची साधने कोणती, हे घरगुती बोलण्यातच पाहावे. ‘दारात कुत्रा आहे’ आणि ‘कुत्रा दारात आहे’ या दोन वाक्यांत शब्द तेच आणि तितकेच आहेत, केवळ त्यांचा क्रम पालटला आहे. तथापि पहिले वाक्य ऐकताच घरातील माणूस काठी शोधू लागतो, आणि दुसरे ऐकून, आपले जनावर कोठे गेले ही त्याची काळजी मिटते. क्रियापदालगतचे नाम बहुधा नवी वार्ता घेऊन येते आणि वाक्यारंभीचे नाम आधीच्या ओळखीचे असते, हा नियम कोणत्याही मराठी मुलाला कोणी शिकवलेला नसतो, तरी त्याच्या तो अंगवळणी पडलेला असतो. इंग्रजीत पहिल्या कुत्र्याला ‘ए’ लागेल आणि दुसऱ्याला ‘द’. ज्या भेदावर परीक्षेत गुण कापले जातात तो हाच.

दुसरे साधन विभक्तीचे. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ असे म्हणणाऱ्या मनुष्याला कोणीही सुयोग्य वैद्य चालणार असतो. ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ असे म्हणणारा मनुष्य रुग्णालयाच्या ओसरीत एका विशिष्ट व्यक्तीची वाट पाहत उभा असतो. ‘आम्ही मुलगी पाहिली’ या वाक्याने लग्नाच्या बोलण्याचा आरंभ होतो, आणि ‘आम्ही मुलीला पाहिले’ असे म्हणताना बोलणाराच्या आणि ऐकणाराच्या मनात एकच मुलगी असते. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ हे द्वितीयेचे प्रत्यय आपण सर्वांनीच एका सुरात पाठ केले, परंतु कर्माला ‘ला’ केव्हा लागतो आणि केव्हा लागत नाही, आणि लागला असता अर्थात नेमकी कोणती तफावत पडते, याची चर्चा मराठीच्या तासाला क्वचितच होते. ती झाली असती तर पुढच्याच तासाला इंग्रजीच्या शिक्षकाचे निम्मे श्रम वाचले असते.

तिसरे साधन कथनाच्या रीतीत आहे. आटपाट नगराच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मुलाला, मनाने एखादी गोष्ट रचून सांग म्हटले, तर तो ‘एक राजा होता, राजाला दोन राण्या होत्या’ असेच सांगेल. ‘एक राजा होता, एका राजाला दोन राण्या होत्या’ असे तो म्हणणार नाही, कारण तसे म्हटल्यास दुसरा राजा निराळा होईल, हे त्याला ठाऊक आहे. प्रथम निर्देशाला ‘एक’ आणि पुढील निर्देशाला त्याचा लोप, ही मराठी कथनाची शिस्त आहे. इंग्रजीत त्या लोपाच्या जागी ‘द’ बसवले की काम झाले. आणि ज्या व्यवहारात संदिग्धता परवडतच नाही, त्या कायद्याच्या आणि कचेरीच्या व्यवहारात तर मराठीने निश्चित उपपदाचे कार्य करणारे शब्दच रूढ केले. पंचनाम्यात प्रथम ‘एक अनोळखी इसम’ येतो आणि पुढच्या ओळीपासून तो ‘सदर इसम’ होतो; खरेदीखतात एकदा चतुःसीमा दिल्या की त्यापुढे ‘सदरहू मिळकत’ एवढेच लिहिले जाते; जुन्या दप्तरांत ‘साल मजकूर’ आणि ‘मौजे मजकूर’ असे लिहिणारा कारकून जे करीत होता, ते इंग्रजीतील ‘द’च्या कार्याहून फार भिन्न नव्हते.

आता हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की मराठीची ही साधने इंग्रजी उपपदांइतकी सक्तीची नाहीत. एखाद्या शब्दावर आघात देऊन किंवा संदर्भावर भिस्त ठेवून मराठी वक्ता हा भेद अनुक्त ठेवू शकतो. इंग्रजी वक्त्याला ती मुभा नसते, प्रत्येक नामापाशी त्याला काही एक निवाडा करून तो उच्चारावाच लागतो. म्हणून जेथे मराठी मौन पाळते आणि इंग्रजी बोलायला लावते, नेमक्या त्या जागा शोधून विद्यार्थ्याला दाखवणे, हे शिक्षकाचे मुख्य काम ठरते. अशा जागा फार नाहीत. ‘ती डॉक्टर आहे’, ‘तो शिक्षक आहे’ या वाक्यांत मराठीला ‘एक’ची गरज नाही, किंबहुना ‘ती एक डॉक्टर आहे’ हे वाक्य भाषांतराचा वास येणारे वाटते. इंग्रजीत मात्र तेथे ‘ए’ अनिवार्य आहे, आणि मराठी मनुष्याच्या लेखनातून जी उपपदे गळतात त्यांतील पुष्कळ याच ठिकाणी गळतात. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही, त्याच्यापूर्वी उपपद, सर्वनाम किंवा संख्या यांपैकी काही तरी असावेच लागते, हा एकच नियम हाडीमांसी खिळला तर त्या गळतीला बराच बांध बसेल. त्याला अपवाद आहेत, परंतु त्यांतील महत्त्वाचे अपवादही अर्थपूर्ण आहेत: मूल शिकण्यासाठी शाळेत जाते तेव्हा ‘स्कूल’पूर्वी ‘द’ लागत नाही, आणि पालक मुख्याध्यापकांना भेटण्यासाठी त्याच शाळेत जातात तेव्हा ते लागते, कारण पहिल्या ठिकाणी शाळा म्हणजे विद्यार्जन आणि दुसऱ्या ठिकाणी शाळा म्हणजे ती इमारत.

दुसरी जागा मोजणीची. बातमी मराठीत एक असते, दोन असतात, परंतु इंग्रजीत ‘न्यूज’ मोजता येत नाही. सल्ला आपण एक देतो, दोन देतो, इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ला ‘ॲन’ लावणे अशुद्ध ठरते. म्हणून नवे इंग्रजी नाम शिकवताना त्याचा अर्थ सांगण्याबरोबरच ते मोजता येते की नाही हेही सांगितले पाहिजे, जसे मराठीत नवा शब्द शिकणाऱ्याला त्याचे लिंग सांगावे लागते. तिसरी जागा सामान्य विधानाची. ‘मला आंबे आवडतात’ आणि ‘आंबे संपले’ या दोन वाक्यांत मराठीने ‘आंबे’ हाच शब्द तसाच ठेवला आहे. इंग्रजी मात्र अखिल आम्रजातीविषयी बोलताना ‘मँगोज’ हे नाम उघडे ठेवते आणि घरातील पेटीतल्या आंब्यांविषयी बोलताना त्याला ‘द’ जोडते. येथे मराठीचे रूप वाट दाखवीत नाही, परंतु ‘कोणते आंबे?’ असा प्रश्न मराठीतच विचारला की ती लगेच दिसते. पहिल्या वाक्याला तो प्रश्न गैरलागू होतो. दुसऱ्याला, त्याचे उत्तर श्रोत्याला आधीच माहीत असते.

या विषयात घाई करू नये, असे सांगणारा पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांचे बोलणे दीर्घकाळ टिपून, प्रत्यय व साहाय्यक शब्द अशी चौदा व्याकरणिक रूपे ती कोणत्या क्रमाने आत्मसात करतात याचा शोध घेतला आणि तो १९७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या क्रमात उपपदे आठवी आली, अनेकवचनाचा प्रत्यय त्यांच्या कितीतरी आधी. पुढे मायकेल मारात्सोस यांनी लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत, त्यांचा ग्रंथ १९७६ चा, असे आढळले की बोलणाऱ्या मुलाला वस्तू माहीत आहे पण ऐकणाऱ्याला नाही, अशा प्रसंगी चार वर्षांची इंग्रजी मुलेही ‘द’ वापरून चुकतात. म्हणजे अवघड आहे ते शब्द पाठ करणे नव्हे. श्रोत्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचे भान ठेवणे अवघड आहे. आपला दहा-अकरा वर्षांचा विद्यार्थी हे भान मातृभाषेत केव्हाच मिळवून बसलेला असतो, आणि आपण मात्र त्याला कोऱ्या पाटीसारखा समजून पुन्हा यादी घोकायला बसवतो.

एवढ्याशा शब्दांसाठी इतका खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने संमत केलेल्या २४२ क्रमांकाच्या ठरावात, इस्रायलने त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे असे कलम आहे. त्याच्या इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या शब्दापूर्वी ‘द’ नाही, फ्रेंच पाठातील शब्दयोजना मात्र निश्चित उपपदाच्या अर्थाने वाचता येते, आणि माघार सर्व प्रदेशांतून घ्यायची की काही प्रदेशांतून, या वादात एका उपपदाच्या अभावावर राजनीतिज्ञांनी आणि कायदेपंडितांनी दशकानुदशके युक्तिवाद केले आहेत. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले तेव्हा त्यांच्या सुप्रसिद्ध वाक्यात ‘मॅन’पूर्वीचे ‘ए’ ऐकू आले नाही, आणि ‘एका मनुष्याचे पाऊल’ याऐवजी ‘मनुष्यजातीचे पाऊल’ असा अर्थ होऊन वाक्याच्या दोन्ही भागांत विरोध उरला नाही. आपल्याला ते ‘ए’ अभिप्रेत होते, असे ते पुढे सांगत राहिले. बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ च्या आपल्या विख्यात निबंधात निश्चित वर्णनांचे तर्कशास्त्र मांडले, आणि १९१८ साली युद्धविरोधाबद्दल तुरुंगवास भोगत असताना लिहिलेल्या गणितीय तत्त्वज्ञानाच्या परिचयग्रंथात, पुढल्या वर्षी तो प्रसिद्ध झाला, दोन प्रकरणे या एका ‘द’साठी खर्ची घातली. ज्या शब्दाने तत्त्ववेत्त्याची बुद्धी गुंतवून ठेवली, त्याला परीक्षेतील अर्ध्या गुणाची बाब समजणे शोभत नाही.

याचा अर्थ, बोलताना ज्याचे उपपद चुकले त्याला हिणवावे, असा कोणी काढू नये. मुलाखतीत उमेदवाराचे एखादे ‘द’ राहून गेले म्हणून त्याच्या विद्वत्तेवर शेरा मारणारे परीक्षक, ज्या सूक्ष्मतेचा आव आणतात ती स्वतः समजून घेत नाहीत, कारण संभाषणात समोरासमोर असताना ‘कोणते’ हे बहुधा परिस्थितीच सांगत असते. करारनामा, शास्त्रीय लेख, सरकारी पत्र आणि न्यायालयीन कागद यांची गोष्ट निराळी; तेथे वाचक दूर असतो, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि म्हणून त्याच्या ज्ञानाचा अंदाज लेखकानेच आधी घेऊन ठेवावा लागतो. सक्ती करायची तर ती लेखनात आणि वरच्या इयत्तांत करावी. बोलण्यात आणि खालच्या इयत्तांत मुभा द्यावी.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवले पाहिजे, मराठीचा आधार घेतल्यास विद्यार्थी मनातल्या मनात भाषांतर करीत राहील, असा आक्षेप काही जाणकार घेतील, आणि भरपूर इंग्रजी ऐकण्या-वाचण्याची ज्यांना संधी आहे त्यांच्यापुरता तो खराही आहे. इंग्रजी पुस्तकांनी भरलेल्या घरातील मुलाच्या कानावर उपपदे सहस्रावधी वेळा पडतात आणि त्याला ती नियमांवाचून साधतात. परंतु ज्या मुलाचा इंग्रजीशी संबंध शाळेच्या एका तासापुरता येतो, त्याला अनुभवाची ही शिदोरी कोण देणार? त्याच्यापाशी समृद्ध असे काही असेल तर ती त्याची मराठी आहे, आणि तिचा उपयोग करू न देणे म्हणजे त्याच्या हाती असलेले एकमेव भांडवल जप्त करण्यासारखे आहे.

म्हणून पाठ्यक्रम आखणाऱ्यांनी आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी चार गोष्टींची तजवीज करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उपपदांचा पहिला पाठ मराठी वाक्यांच्या जोड्यांनी सुरू व्हावा, आणि त्या जोड्यांतील भेद विद्यार्थ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावरच इंग्रजी रूपे फळ्यावर यावीत. मराठी आणि इंग्रजी यांच्या शिक्षकांनी निदान या एका प्रकरणापुरते एकत्र बसून पाठ तयार करावेत, म्हणजे द्वितीयेचा ‘ला’ आणि इंग्रजीचा ‘द’ यांची भेट एकाच आठवड्यात घडेल. नामे मोजणीच्या खुणेसह शिकवावीत. आणि सुट्या वाक्यातील गाळलेल्या जागांचा प्रश्न कायमचा रद्द करून त्याऐवजी सलग उतारा द्यावा, ज्यात कोणती वस्तू श्रोत्याला माहीत झाली आहे आणि कोणती नाही हे वाचणाऱ्याला ताडता येईल, आणि एखाद्या जागी दोन उपपदे संभवत असतील तर, निवड का केली याचे मराठीत दिलेले कारणही ग्राह्य धरावे. या सुधारणांना नवा खर्च लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत, यंत्रसामग्री लागत नाही. मराठी मुलाला त्याच्या भाषेने जे आधीच शिकवले आहे ते मान्य करण्याची तयारी मात्र लागते, आणि ती दाखवण्यास आपल्या शिक्षणव्यवस्थेने आणखी विलंब लावू नये.